लाथ कुठून येते, ते आधी शिकवा!

आठ मार्च आला, भीमजयंती जवळ आली की आपल्या विहारांत आणि वस्त्यांत एक कार्यक्रम हमखास होतो : मुलींसाठी मोफत स्वसंरक्षण शिबिर. फ्लेक्स लागतो. पांढऱ्या पोशाखातले मास्टर येतात, कौले फोडून दाखवतात. मुली रांगेत उभ्या राहतात आणि 'एक, दोन, तीन'च्या तालावर न आलेली लाथ हवेत हात मारून अडवतात. पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रे वाटली जातात, ग्रुपवर फोटो पडतात आणि 'आपल्या मुली आता सक्षम झाल्या' असे जाहीर होते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. त्या मुली सक्षम झालेल्या नसतात. त्यांना एक खोटा विश्वास दिलेला असतो, आणि खोटा विश्वास अज्ञानापेक्षा घातक असतो. ज्याला काहीच येत नाही तो निदान पळून तरी जातो. ज्याला आपल्याला येते असे वाटते, तो थांबतो आणि मार खातो.

हे मी कराटेच्या विरोधात लिहीत नाही. आपल्या मुलामुलींनी स्वतःचा बचाव करायला शिकलेच पाहिजे या मताची मी आहे, आणि म्हणूनच हे लिहीत आहे. या लेखात मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे : लाथ. कारण शिबिरात सर्वांत चुकीची शिकवली जाते ती लाथ, आणि आपल्या माणसांच्या वाट्याला रोज येते तीही लाथच.

'लाथाबुक्क्यांनी मारहाण करून...'

मारहाणीची कोणतीही फिर्याद काढून वाचा. 'लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जातिवाचक शिवीगाळ केली व जीवे मारण्याची धमकी दिली.' हे वाक्य इतके ठरून गेले आहे की लिहिणारा ते न विचारता लिहितो आणि वाचणारा न थांबता पुढे जातो. कुणी किती लाथा मारल्या, माणूस उभा होता की पडलेला, पायात बूट होता की चप्पल, लाथ पाठीत बसली की पोटात, यातले काहीच त्या वाक्यात नसते. जे लिहिले जात नाही ते पुढे कोर्टातही उभे राहत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदलेले आहेत. त्यातला सर्वांत मोठा गट कोणता? खून नाही, जाळपोळ नाही. सर्वांत मोठा गट 'साधी दुखापत' हा आहे : १८,४२८ गुन्हे, म्हणजे ३२ टक्के. कायद्याच्या भाषेत हाड मोडले, दात पडला, डोळा गेला की दुखापत 'गंभीर' होते; त्याच्या अलीकडचे बरेचसे 'साधे'. पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर, वरातीत, डीजेच्या गाण्यावरून, मोबाइलच्या स्टेटसवरून जी मारहाण होते ती बहुतेक याच खात्यात जाते. आणि हा आकडा फक्त नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचा आहे. ठाण्याच्या पायरीवरूनच परत पाठवले गेलेले लोक यात नाहीत.

म्हणजे आपल्यावरचा अत्याचार रोज पहिल्या पानावर येतो असे नाही. तो रोजचा, 'साधा' असतो. स्वसंरक्षण शिकवायचे तर ते या रोजच्यासाठी शिकवले पाहिजे.

लाथेलाही जात असते

ठोसा माणूस बरोबरीच्याला मारतो. लाथ खालच्याला मारली जाते. आपल्याकडे चुकून कुणाला पाय लागला तरी हात लावून नमस्कार करण्याची रीत आहे, इतका पायाचा स्पर्श अपमानाचा मानला जातो. अशा समाजात मुद्दाम मारलेली लाथ फक्त दुखवण्यासाठी नसते. ती जागा दाखवण्यासाठी असते.

हे कुठून आले? पुरुषसूक्तात शूद्र विराट पुरुषाच्या पायांतून जन्मतो; अतिशूद्राला तर त्या देहातही जागा नाही. पुराणातली भृगूची कथा आठवा. ब्राह्मण ऋषी झोपलेल्या विष्णूच्या छातीवर लाथ मारतो. विष्णू काय करतो? उठून ऋषीचा पाय चेपतो, 'तुमच्या पायाला लागले तर नाही ना' म्हणून विचारतो आणि त्या लाथेची खूण छातीवर दागिन्यासारखी मिरवतो. देवाने लाथ खाऊन पाय चेपले, मग माणसाने काय करावे? शेकडो वर्षे कीर्तनांतून ही गोष्ट 'क्षमाशीलतेचा आदर्श' म्हणून सांगितली गेली. लाथ मारणाऱ्याला कुणी काही विचारले नाही.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये एका व्याख्यानात एक साधी पण खोल गोष्ट मांडली : चालणे, पोहणे, बसणे हे आपल्याला नैसर्गिक वाटते, पण ते समाजाने शरीराला शिकवलेले असते. हे आपल्या गावगाड्याला लावून बघा. समोरून पाटील आला की रस्ता सोडून उभे राहायचे, चप्पल हातात घ्यायची, मान खाली, आवाज खाली, खांदे आत. हेही एक प्रशिक्षणच होते. पिढ्यान्‌पिढ्या चाललेले, विनाशुल्क, आणि दररोजचे. ते शरीराला लाथ खायला तयार करणारे प्रशिक्षण होते.

म्हणून आपल्यासाठी लाथेचा बचाव लाथ उचलल्यावर सुरू होत नाही. तो त्याआधी, उभे राहण्यापासून सुरू होतो. मान वर, नजर समोरच्याच्या छातीवर, आवाज मोठा आणि स्पष्ट. ज्या मुलीला घरात आणि शाळेत हळू बोलायलाच शिकवले आहे, तिला पहिल्या दिवशी लाथ अडवायला शिकवण्याआधी 'मागे हो!' असे पोटातून ओरडायला शिकवा. बघा, निम्म्या मुलींचा आवाजच फुटणार नाही. शिबिराची खरी सुरुवात तिथे आहे. कौल फोडण्यात नाही.

शिबिरातली लाथ आणि रस्त्यावरची लाथ

शिबिरात लाथ कशी येते? समोरून, एकाच माणसाची, ठरलेल्या आकड्यावर, सपाट मैदानावर, कमरेच्या वर. मारणारा लाथ मारून पाय तिथेच ताणून धरतो, म्हणजे समोरच्या मुलीला ती अडवून दाखवता यावी. त्यावर टाळ्या.

रस्त्यावर लाथ अशी येत नाही. आधी शिवी येते. मग छातीवर ढकलणे येते, कॉलरला किंवा केसांना हात जातो. लाथ त्यानंतर, जवळून आणि बहुतेक वेळा कमरेच्या खाली येते : मांडीवर, गुडघ्यावर, नडगीवर, जांघेत, नाहीतर सरळ पोटात. मारणारा एकटा नसतो, त्याच्यासोबत दोघे-चौघे असतात. माणूस पडतो आणि खऱ्या लाथा त्यानंतर सुरू होतात. पडलेल्याच्या डोक्यावर, बरगड्यांवर, कमरेत, टाचेने, बुटाने. उभ्या माणसाला मारलेली लाथ त्याला पाडण्यासाठी असते. पडलेल्याला मारलेली लाथ जीव घेऊ शकते. आणि नेमकी ही दुसरी लाथ आपल्या बहुतेक शिबिरांत शिकवलीच जात नाही.

का शिकवली जात नाही? कारण जे शिकवले जाते तो खेळ आहे. तायक्वांदो २००० पासून ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ आहे, आणि त्याच्या नियमांत कमरेखाली लाथ मारणे हा दोष आहे. खेळ म्हणून हा नियम योग्यच आहे. त्यामुळे खेळाडूंचे गुडघे वाचतात. पण ज्याने पाच वर्षे कमरेखालची लाथ एकदाही पाहिली नाही, त्याने ती अडवायची कशी? याउलट थायलंडच्या मुए थाई या प्रकारात मांडीवरची लाथ रोजची आहे, म्हणून तिथे नडगी वर उचलून ती झेलण्याचा सरावही रोजचा आहे. माणसाला ज्याचा सराव असतो तेच वेळेला होते. पट्ट्याचा रंग समोरच्या गुंडाला माहीत नसतो.

जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. जुन्या जुजुत्सूत डाव भरपूर होते, पण अनेक इतके धोकादायक की जोडीदारावर पूर्ण ताकदीने करताच येत नसत. कानोंनी ते डाव मोकळ्या सरावातून वगळले, सुरक्षित पडायला शिकवले आणि उरलेले डाव प्रतिकार करणाऱ्या जोडीदारावर पूर्ण जोराने करून घेण्याला महत्त्व दिले. शंभर डाव हवेत येण्यापेक्षा पाच डाव विरोध करणाऱ्या माणसावर येणे मोलाचे, हे त्यातले तत्त्व. आपल्या शिबिरांनी कानोंचा फोटो लावण्याची गरज नाही, पण हे तत्त्व घ्यावे.

जाता जाता फोटोंबद्दल. अनेक क्लासच्या भिंतीवर बोधिधर्माचे चित्र असते आणि 'मार्शल आर्ट ही बौद्धांचीच देणगी' असे आपले कार्यकर्तेही अभिमानाने सांगतात. बोधिधर्माने शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली ही कथा त्याच्या काळानंतर सुमारे हजार वर्षांनी, सतराव्या शतकातल्या एका ग्रंथातून पसरली. इतिहासकार तिला दंतकथा मानतात. बुद्धाने स्वतः तपासून घ्यायला सांगितले आहे. दंतकथेच्या आधारावर अभिमान बाळगणे हे आपले काम नाही, ते दुसऱ्यांचे आहे.

मग नेमके काय शिकवायचे?

नुसती टीका करून मी थांबणार नाही. चांगल्या प्रशिक्षकाकडून खालील गोष्टी करून घ्याव्यात आणि प्रशिक्षक निवडताना 'हे शिकवता का?' असे सरळ विचारावे.

एक, अंतर. पाय हातापेक्षा लांब पोहोचतो. पण लाथेला जोर यायला जागा लागते. म्हणून लाथेच्या टप्प्यात उभे राहून वाट पाहणे ही सर्वांत वाईट जागा. एक तर टप्प्याबाहेर जा, नाहीतर एकदम आत शिरा. अर्धवट मागे सरकणाऱ्यालाच लाथेचा पूर्ण जोर बसतो.

दोन, हात. वाद सुरू होताच दोन्ही तळवे उघडे, छातीच्या उंचीवर, समोर. हे दिसायला 'थांबा, भांडण नको' असे दिसते आणि डोके-छाती झाकायला हात तयारही राहतात. कुणी मोबाइलवर चित्रीकरण करत असेल तर तुम्ही भांडण टाळत होता हेही त्यात येते. आपल्यासाठी हा मुद्दा लहान नाही.

तीन, नजर. पायाकडे बघू नका. लाथ मारणाऱ्याला आधी दुसऱ्या पायावर भार टाकावा लागतो, त्याची कंबर आणि खांदा हलतो. छातीकडे बघितले की हे सगळे दिसते.

चार, सरळ पोटात येणारी लाथ. तिला खाली वाकून मनगटाने मारू नका. पायाचे हाड हाताच्या हाडापेक्षा जाड असते, आणि वाकलात की तोंड उघडे पडते. तिरके पाऊल टाकून लाथेच्या रेषेतून बाजूला व्हा आणि हाताने पाय पुढे ढकलून द्या. त्या क्षणी मारणारा एका पायावर असतो. ढकला आणि निघा.

पाच, मांडीवर-गुडघ्यावर येणारी आडवी लाथ. गुडघा कधीही ताठ ठेवून उभे राहू नका. ताठ गुडघ्यावर लाथ बसली तर आतले बंध तुटतात आणि माणूस महिनोन्‌महिने लंगडतो. गुडघा किंचित वाकलेला, भार दोन्ही पायांवर. नवख्या माणसाने नडगीने झेलण्याच्या भानगडीत न पडता एक पाऊल आत शिरावे. लाथेचा जोर टोकाला असतो, मुळाशी नाही. जांघेत येणाऱ्या लाथेसाठी कंबर वळवून मांडी आड घालायची.

सहा, पाय पकडू नका. सिनेमात नायक पाय पकडून माणसाला गरागरा फिरवतो. खऱ्या मारहाणीत तुमचे दोन्ही हात एकाच्या पायात अडकले की दुसऱ्याला तुमचे डोके मोकळे मिळते.

सात, आणि हा सर्वांत महत्त्वाचा : पडल्यावर काय. हनुवटी छातीला, दोन्ही हातांनी डोके झाकलेले, कोपरे बरगड्यांना चिकटलेली, गुडघे पोटाकडे. उताणे सपाट पडून राहायचे नाही. समोर एकच माणूस असेल तर आपले पाय त्याच्या दिशेने फिरवायचे, तो फिरेल तसे फिरायचे आणि तळव्याने त्याची नडगी ढकलायची. मग उठायचे : एक हात मागे जमिनीवर, दुसरा तोंडासमोर, विरुद्ध बाजूचा पाय रोवलेला, कंबर उचलून मोकळा पाय मागे खेचायचा आणि नजर समोर ठेवूनच उभे राहायचे. वाकून, डोके पुढे करून उठलात की पुढची लाथ तोंडावर येते. ही एक हालचाल शंभर वेळा, दोनशे वेळा करून घ्या. माझ्या मते, दहा काता येण्यापेक्षा हे एक उठणे जास्त जीव वाचवेल.

आठ, सरावाची परिस्थिती. मॅटवर आणि ट्रॅक पँटमध्ये मारहाण होत नाही. साडीत, सलवारमध्ये, चपलांवर, खडीवर, बोळात सराव करा. साडीच्या निऱ्यांत पाऊल किती पडते हे आधी कळले पाहिजे. चप्पल काढून फेकायची की ठेवायची हेही. सुरुवातीला हळू, जाड पॅडवर. मग जोर वाढवत, न सांगता, शिव्यांच्या आवाजात, दोघा-तिघांच्या गराड्यात. मुलींना शिव्या ऐकवून सराव घेणे अनेकांना अभद्र वाटेल. पण जी शिवी ऐकून शरीर गोठते ती पहिल्यांदा सुरक्षित जागी, आपल्या माणसांत ऐकलेली बरी. अर्थात हे ज्या त्या मुलीला विचारून, तिची तयारी पाहूनच.

आणि शेवटचा धडा : जिंकायचे नाही, निघायचे. चार जणांशी लढून जिंकण्याचे तंत्र जगात कुठल्याही मास्टरकडे नाही. जो ते शिकवतो म्हणतो त्याचे शिबिर रद्द करा.

घरातल्या लाथेचे काय?

इथे काही बांधवांना माझे म्हणणे झोंबेल, तरी लिहिते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित बाईला विचारायचा एक प्रश्नच असा असतो : नवऱ्याने कधी लाथ मारली, फरपटले किंवा बेदम मारले का? सरकारी प्रश्नावलीत लाथेला स्वतःची जागा मिळते, एवढी ती घरात नेहमीची आहे. २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाह झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हा आकडा सगळ्या जातिधर्मांचा आहे. आपल्या वस्त्या त्यातून सुटलेल्या आहेत असे ज्याला वाटते त्याने एखाद्या रविवारी वंदनेनंतर विहारात थांबून बायकांशी बोलावे. फक्त पुरुषांनी बाहेर गेल्यावर.

आपली शिबिरे मुलींना अनोळखी गुंडाविरुद्ध तयार करतात. दहा बाय दहाच्या खोलीत, चुलीशेजारी, पोराला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला येणाऱ्या लाथेबद्दल ती एक शब्द बोलत नाहीत. कारण ती लाथ मारणारा कधी कधी त्याच शिबिराच्या आयोजनात खुर्च्या लावत असतो. त्या बाईला शिकवायचे ते वेगळे : भांडण चढू लागले की कोपऱ्यात आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ न राहता दाराच्या बाजूला सरकणे, पोट आणि डोके झाकणे, शेजारणीशी आधी ठरवलेली हाक, एका पिशवीत कागदपत्रे आणि थोडे पैसे, ११२ आणि १८१ हे क्रमांक, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा. ही तयारी म्हणजेही लाथेचा बचावच आहे. बाबासाहेबांनी स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजली. त्या मापाने आपणही मोजले जाणार आहोत.

'पण आपण तर बौद्ध!'

पहिला आक्षेप आपल्याच उपासकांकडून येतो : पंचशील घेतलेल्या माणसाने मारामारी शिकावी का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला आणि बुद्धाची अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे असे मांडले. लाथ अडवण्यात मारण्याची इच्छा कुठे आली? उलट इथे जे सांगितले ते सगळे बाजूला होणे, झाकणे, उठणे आणि निघणे आहे.

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर, देवळात शिरणार अशी अफवा पसरवून आपल्या लोकांवर हल्ला झाला. उलट मार द्यायला तयार असलेले लोक महाडमध्ये होते. बाबासाहेबांनी त्यांना रोखले आणि लढाई कायद्याच्या मार्गाने नेली. काही जण याचा दाखला देऊन 'म्हणून मार खाऊन घ्या' असे सुचवतात. चूक. जो उलट मारू शकतो आणि मारत नाही, त्याच्याकडे संयम असतो. ज्याला मारताच येत नाही, त्याच्याकडे फक्त लाचारी असते. बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभे केले ते लाचारीची कवायत करायला नव्हे.

दुसरा आक्षेप : संविधान आहे, कायदा आहे, मग हे कशाला? अहो, बचावाचा हक्क कायद्यातच आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ वाचा. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होती. फक्त त्याची मर्यादाही तिथेच आहे : बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. हल्लेखोर मागे हटल्यावर त्याला पाडून लाथा घालणे हा बचाव नाही, तो गुन्हा आहे. आपल्या तरुणांना हे वाक्य लाथेच्या डावाइतकेच पाठ पाहिजे. कारण आपण ॲट्रॉसिटी दाखल करायला गेलो की समोरून उलटी फिर्याद तयार असते, आणि मग 'दोन्ही बाजूंनी मिटवून घ्या' म्हणून दबाव सुरू होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो : स्वसंरक्षण शिकवणे म्हणजे अत्याचाराची जबाबदारी पीडितावर टाकणे. 'तिला कराटे येत असते तर...' असे बोलणारे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला संताप आहे. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला जमावाने एका कुटुंबातल्या चौघांना संपवले. ११ जुलै २०१६ ला उनामध्ये तरुणांना गाडीला बांधून सळ्यांनी मारले. तिथे कुठला डाव चालणार होता? गाव अंगावर आल्यावर स्वसंरक्षण हा शब्दच थट्टा होतो. तिथे हवी असते वेळेवर येणारी पोलिसांची गाडी, आणि ती न आणणाऱ्यावर कारवाई. म्हणून मी म्हणते, लाथेचा बचाव शिकवताना पहिल्याच दिवशी सांगा : लाथ बसली तर दोष तुझा नाही. शिकणे तुझा हक्क आहे, कर्तव्य नाही. लाथ थांबवण्याची जबाबदारी मारणाऱ्याची आणि त्याला मोकळे सोडणाऱ्या व्यवस्थेची आहे.

लाथेनंतरचे चोवीस तास

आपल्या शिबिरात जे कधीच नसते ते हे. मार खाऊन निसटलेला माणूस घरी येतो, हळद लावतो, झोपतो. पोटात बसलेल्या लाथेची खूण अनेकदा बाहेर दिसत नाही. प्लीहा किंवा यकृत फाटले तर रक्त आत साठत जाते. काही तासांनी पोट ताठ होते, चक्कर येते, खांद्यात दुखू लागते. कमरेत लाथ बसल्यावर लघवी लाल होणे म्हणजे मूत्रपिंडाला मार. डोक्याला लागल्यावर उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ म्हणजे एक मिनिटही थांबायचे नाही. गरोदर बाईच्या पोटाला लाथ लागली असेल तर काही जाणवो न जाणवो, दवाखाना. शक्यतो सरकारी दवाखान्यात जा आणि 'मारहाण झाली आहे' असे स्पष्ट सांगून नोंद करून घ्या. 'पडलो' म्हणालात की खटला तिथेच पडला.

फिर्यादीत 'लाथाबुक्क्या' एवढ्यावर सही करू नका. कुणी, कोणत्या पायाने, पायात काय होते, तुम्ही उभे होता की पडलेले, लाथ कुठे बसली, कुणी पाहिले, हे लिहून घ्या. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू असलेल्या दुरुस्तीने कलम ३(२)(व्हीए) आले आहे. साधी दुखापतही त्यात येते आणि मारणाऱ्याला तुमची जात ठाऊक होती हा त्यातला मुख्य मुद्दा आहे. शिवी दिली, तर ती कुणासमोर दिली तेही लिहा. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. 'तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला कसली ॲट्रॉसिटी?' असे कुणी म्हणाले तर सांगा की १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेले अनुसूचित जातींचे लोक त्या यादीत आहेत. आणि जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी त्याच कायद्याचे कलम ४ आहे.

मग गावात पुढची लाथ येते, ती पोटावर पाय देण्याची. मजुरी बंद, किराणा बंद, दळण बंद. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हाही ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. पण त्याविरुद्ध एकटा माणूस टिकत नाही. तिथे वस्तीने एकत्र उभे राहावे लागते. लाथ झेलण्याचा सराव जोडीने होतो, बहिष्कार झेलण्याचा सराव संघटनेने.

विहार समित्यांना माझे सांगणे

यंदा एक दिवसाचे शिबिर घेऊ नका. फ्लेक्सचे आणि स्टेजचे पैसे वाचवा. त्यातून चार जाड पॅड, नडगीची संरक्षक पट्टी आणि दातांची गार्ड घ्या. आठवड्यातून दोन दिवस, एक तास, तीन महिने, विहाराच्या अंगणात वर्ग चालवा. शिकवणारी बाई मिळाली तर उत्तम. पुरुष प्रशिक्षक असेल तर वर्गात वस्तीतल्या दोन वयाने मोठ्या बायका कायम हजर असू द्या. महिन्यातला एक तास वकिलाचा, एक तास डॉक्टरचा. मुलग्यांचा वर्ग वेगळा घ्या, आणि त्यात अर्धा वेळ 'लाथ कशी अडवायची' यावर आणि अर्धा वेळ 'घरात लाथ का उचलायची नाही' यावर द्या.

शेवटी प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर हवेत मारलेल्या लाथेसाठी देऊ नका. ज्या मुलीला तिघांच्या गराड्यात पडून, डोके झाकून, उठून, ओरडत दारापर्यंत पोहोचता येते आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन आपली फिर्याद आपल्या शब्दांत लिहून घेता येते, तिला द्या.

नमो बुद्धाय. जय भीम. जय संविधान.